हद्दीवरचा व्हॉल्व्ह

सोलांज गेल्यापासून रोझेर सकाळी उठला की आधी फोन बघायचा. कुणाचा निरोप आलाय का ते बघायला नव्हे. निरोप पाठवणारं त्याला आता मुलीशिवाय कुणी उरलं नव्हतं. तो रानातले आकडे बघायचा.

मेपलच्या प्रत्येक झाडाला तोटी, तोटीतून निघालेली बारीक नळी, बारीक नळ्या मिळून एक जाड नळी, आणि अशा सगळ्या जाड नळ्या उतारावरून खाली पंपघरात. पंप नळ्यांमधली हवा ओढून घेतो, तेव्हा झाडं भरभरून रस सोडतात. नळीला कुठे खारीनं दात लावला किंवा वरून फांदी पडली, की बाहेरची हवा आत शिरते आणि व्हॅक्यूम उतरतो. ते घरबसल्या कळावं म्हणून दर जाड नळीच्या वरच्या टोकाला एक सेन्सर बसवलेला होता. व्हॅक्यूम इंचात मोजतात; सव्वीस-सत्तावीस म्हणजे फार छान. चोवीस म्हणजे चालेल. विसाच्या खाली गेलं की माणसानं बूट चढवून रानात जावं.

त्या सकाळी रोझेरच्या स्वतःच्या नळ्या तेवीस-चोवीसवर होत्या. त्यानं अंगठा खाली सरकवला. सगळ्यात शेवटी क्लोव्हिसची नळी. सव्वीस आणि वर थोडं.

"मेल्या," रोझेर फोनला म्हणाला.

क्लोव्हिस द्रुएँ त्याचा शेजारी. दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर मार खाल्लेले. क्लोव्हिसचं रान टेकडीच्या वरच्या अंगाला, तिथे वीज नाही. म्हणून त्याचा रस हद्दीवरच्या कुंपणातून वेगळ्या जाड नळीनं खाली यायचा आणि रोझेरच्याच पंपावर ओढला जायचा. बदल्यात रस आटवून पाक करायच्या रोझेरच्या गुऱ्हाळाला लागणारं सगळं सरपण क्लोव्हिस पुरवायचा. हे बापांच्या वेळेपासून ठरलेलं. पंपापासून जितकं लांब जावं तितकी ओढ कमी होत जाते. क्लोव्हिसचं रान सगळ्यात लांब होतं आणि आकडा सगळ्यात वर होता. याचा अर्थ एकच. त्याच्या नळ्यांना गळती नव्हती. एवढ्या मोठ्या रानात कुठे सुईएवढंही भोक नव्हतं.

सोलांज होती तेव्हा रोझेर यावर हसायचा. "त्याला बायको ना पोर," म्हणायचा, "बसतो नळ्या कुरवाळत." सोलांज काही बोलायची नाही. शेवटच्या वर्षांत ती बऱ्याचदा काही बोलायची नाही.

गळती शोधावी तर तिनं. क्वेबेकमधल्या सगळ्या बोस खोऱ्यात तिच्या कानाचं नाव होतं. वारा असो, नदी वाहत असो, ती टोपी काढून उभी राहायची आणि हात करून सांगायची, "त्या वाकड्या झाडाच्या मागे." तिथे जावं तर नळी फुसफुसत असायची. रोझेरनं हे भेटेल त्याला सांगितलं होतं. तीन वसंतांपूर्वी तिनंच सेन्सरचा हट्ट धरला तेव्हा त्याला वाईट वाटलं होतं. "तुझा कान असताना यंत्र कशाला?" तो म्हणाला होता. "पाय दुखतात रे माझे," ती म्हणाली होती. "चढवत नाही आता." मग त्यानं सेन्सर घेतले. क्लोव्हिसच्या नळीलाही एक लावला, कारण पंप एकच होता.

नोव्हेंबरात ती गेली. छातीतलं दुखणं होतं, फार लांबलं नाही.

त्या दिवशी दुपारी रोझेर गावातल्या दुकानात नळ्यांचे जोड आणायला गेला. दुकानदार ओनेझिम बोलघेवडा, हात एकीकडे आणि तोंड दुसरीकडे.

"पिवळेच ना?" ओनेझिम म्हणाला. "की निळे देऊ? क्लोव्हिस न्यायचा ते?"

"का, त्याचे काय सोन्याचे आहेत?"

"सोन्याचे कसले. मऊ असतात, लवकर बसतात. सोलांजच्या बोटांना सोपे जायचे म्हणून तो मुद्दाम मागवायचा. आता कोण नेणार? खोकं तसंच पडलंय."

रोझेरनं हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. "सोलांजच्या बोटांना?"

"गुरुवारी चढायची ना ती त्याच्या रानात. आमची ही म्हणायची, बघ, या वयात कशी भराभर चढते." मग ओनेझिमनं रोझेरचं तोंड पाहिलं आणि खोकं सरळ केलं. "मला वाटलं तुला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे," रोझेर म्हणाला. "पिवळे दे."

गुरुवार. हंगामातल्या दर गुरुवारी रोझेर पाकाची पिंपं घेऊन सहकारी संस्थेत जायचा, तिथे दोन डाव पत्ते खेळायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. घरी आल्यावर सोलांज चुलीपाशी असायची, गाल लाल. तो समजायचा चुलीनं लाल झालेत.

गाडी चालवताना तो एकेक गोष्ट जुळवत गेला. पाय दुखतात म्हणाली आणि टेकडी चढली. तेही दुसऱ्याच्या रानात. त्याच्या रानात नाही. शेवटची दोन-तीन वर्षं तो मागून हाक मारायचा आणि ती वळायची नाही. जेवताना तो काही सांगायचा आणि ती भलतंच उत्तर द्यायची, जणू मन तिथे नव्हतंच. चर्चमध्ये तिनं अचानक जागा बदलून घेतली होती, त्याच्या डावीकडे बसायला लागली होती, आणि तिथून क्लोव्हिसचा बाक समोर दिसायचा. तेव्हा त्याला काही वाटलं नव्हतं. आता त्याला एवढं सगळं वाटायला लागलं की घराचं वळण मागे राहिलं, आणि गाडी पुढच्या गोठ्यापाशी फिरवून आणावी लागली.

घरी येऊन त्यानं मुलीला फोन लावला. मिरेय क्वेबेक शहरात नर्स होती.

"तुझी आई गुरुवारी कुठे जायची?"

"बाबा, मी ड्यूटीवर आहे."

"एवढंच सांग."

"फिरायला जायची. का?"

"कुणाकडे?"

"क्लोव्हिसकाकांच्या रानात. नळ्या बघायला. तुम्ही जेवलात का?"

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"बाबा, भलतंसलतं डोक्यात घेऊ नका."

"मी काही घेत नाहीये. लोक आणून टाकतायत."

"शनिवारी येते मी," ती म्हणाली. "मग बोलू. आणि औषध घ्या."

त्यानं औषध घेतलं नाही. त्याला तिच्यावर राग आला, ओनेझिमवर आला, ओनेझिमच्या बायकोवर आला, पण सगळे राग फिरून त्या एका आकड्यावर येऊन बसत होते. सव्वीस आणि वर थोडं. तो आकडा सोलांजचा होता. तिनं तिचे शेवटचे वसंत त्या नळ्यांवर खर्च केले होते, आणि नवऱ्याचं रान तेवीसवर गळत राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी झकास हवा पडली. रात्री कडक गारठा आणि सकाळपासून ऊन. अशा दिवशी झाडांतून रस नुसता धावतो. पंपघरात काचेच्या हंड्यात रस उसळत येत होता, भरत होता, खाली टाकीत उतरत होता. रोझेरनं पंपाचं तेल बघितलं, मग कुऱ्हाड घ्यायला जातोय असं स्वतःलाच भासवत कुंपणापर्यंत चढून गेला.

व्हॉल्व्ह कुंपणाच्या अलीकडे, त्याच्या बाजूला होता. लाल दांडीचा, हातभर उंचीवर. क्लोव्हिसचं सगळं रान त्या एका दांडीतून खाली यायचं. रोझेरनं ती आडवी केली आणि खाली आला. बंद करताना आवाजसुद्धा झाला नाही.

त्यानं ठरवलं होतं काय होईल ते. आकडा पडेल, क्लोव्हिसच्या फोनवर धोक्याची घंटी वाजेल, तो फोन करील, "रोझेर, काय झालं बघ रे," आणि मग रोझेर म्हणेल, "माझी बायको पाठवू का बघायला?" हे वाक्य त्यानं रात्रभर घासून ठेवलं होतं.

पण आकडा पडेना. त्याच्या स्वतःच्या रानाचा व्हॉल्व्ह बंद केला असता तर दाढी करेपर्यंत सगळं शून्यावर आलं असतं. क्लोव्हिसचा पंचवीसवर आला आणि तिथेच बसला. रोझेरनं लाकडं फोडली, परत बघितलं. चोवीस. ओढणारा कुणी नव्हता तरी नळ्यांनी ओढ धरून ठेवली होती. भाकरीचा तुकडा आणि चीज खाऊन परत बघितलं तर एकवीस. इतके घट्ट जोड. एकेक जोड तिनं अंगठ्यानं दाबून बसवलेला. हे बघून रोझेरचा जीव आणखी जळला. गळतं रान असतं तर तेवढं तरी समाधान मिळालं असतं.

दुपार कलली तेव्हा कुठे आकडा दहाच्या खाली उतरला, आणि मग शून्य. फोन काही आला नाही.

रोझेर पंपघराच्या पायरीवर बसून राहिला. आता त्याला दुसरंच सुचायला लागलं. शून्य म्हणजे क्लोव्हिस समजणार जाड नळीच तुटली. म्हणजे तो सगळी नळी चालून बघणार, खालपासून वरपर्यंत. बर्फ वरून शाबूत दिसत होता, पण आतून कुजला होता, मांडीपर्यंत पाय जाईल असा. क्लोव्हिसच्या कमरेचा एक खुबा मागच्या साली बदललेला. तो पडला तर वरच्या अंगाला हाक ऐकणारं कुणी नाही.

"पडू दे," रोझेर म्हणाला. आणि मग त्याला असं वाटलं की हा तिथे मेला तर आपल्याआधी तिच्यापाशी पोचेल. तो उठला आणि त्यानं बर्फावर चालायचे रुंद जोडे पायाला बांधले.

कुंपणापाशी क्लोव्हिसच्या पावलांच्या खुणा होत्या. त्या व्हॉल्व्हपर्यंत येऊन थांबल्या होत्या, मग वळून वर गेल्या होत्या. म्हणजे त्यानं पाहिलं होतं. लाल दांडी आडवी आहे हे त्याला आधीच माहीत होतं, आणि त्यानं तिला हात लावला नव्हता. हद्दीपलीकडच्या व्हॉल्व्हला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा इथला दंडक. घर जळत असलं तरी आधी विचारायचं. पण क्लोव्हिसनं विचारलंही नव्हतं.

तो खुणांवरून चढत गेला. दोन ठिकाणी खड्डे पडले होते, माणूस कोसळून उठल्याचे. नळ्यांचे जोड सगळे निळे होते. रोझेर एकाही जोडाकडे बघणार नव्हता आणि प्रत्येक जोडाकडे बघत होता.

अगदी वर, सेन्सरच्या झाडापाशी, जुन्या पत्र्याच्या दोन बादल्या पालथ्या घातलेल्या होत्या. डावीकडच्या बादलीवर क्लोव्हिस बसला होता, पाय लांब पसरून. विजार कमरेपर्यंत ओली. मांडीवर थर्मास.

"आलास," क्लोव्हिस म्हणाला.

"मला वाटलं पडलास."

"पडलो. दोनदा. मग उठलो."

"गळती शोधत होतास?"

"गळती कसली शोधू? तू दांडी आडवी केलीयस."

"मग उघडली का नाहीस?"

"तुझ्या बाजूला आहे."

"फोन करायचास."

"म्हटलं, तुझं काही कारण असेल. तुझा राग उतरेपर्यंत थांबू." क्लोव्हिसनं थर्मासचं झाकण फिरवलं. "पण रस वाया गेला लेका. आजच्यासारखा दिवस परत येईल का नाही, काय माहीत."

रोझेरनं उजवीकडच्या बादलीकडे बोट केलं. "इथे बसायची ती?"

"तिथेच."

"आणि काय करायचात?"

"चहा प्यायचो. मग ती कामाला लागायची."

"माझ्या घरी काम कमी पडत होतं तिला?"

क्लोव्हिसनं झाकणात चहा ओतला. रोझेरला रात्रभर घासलेलं वाक्य आठवलं, पण ते इथे कुठे बसेना. त्यानं सरळच विचारलं. "काय होतं तुमच्यात?"

"माझ्या बाजूनं होतं," क्लोव्हिस म्हणाला. "तिच्या बाजूनं नळ्या होत्या."

रोझेरला वाटलं होतं की असं काही ऐकलं की आपण त्याला मारू. त्याचा हात उठला नाही. क्लोव्हिस ओल्या विजारीत कुडकुडत होता आणि म्हातारा दिसत होता.

"तिला माहीत होतं?"

"कान गेले होते तिचे, डोळे नव्हते गेले."

"कान?"

क्लोव्हिसनं त्याच्याकडे पाहिलं, आणि आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं चहा बर्फात ओतून टाकला. "बस," तो म्हणाला.

"मी उभा बरा आहे."

"बरं, उभा राहा. तिला ऐकू येत नव्हतं, रोझेर. आधी डावा कान गेला, मग उजवाही जायला लागला. शेवटच्या वसंतात तर तिच्या पायापाशी नळी फुसफुसली तरी तिला कळायचं नाही."

चर्चमध्ये ती डावीकडे येऊन बसायची ती का, ते रोझेरला आता समजलं. त्याच्या बाजूला तिला चांगला कान हवा होता. क्लोव्हिसचा बाक समोर येत होता, एवढंच. त्यानं मारलेल्या हाका. ती भलतीच उत्तरं. त्या उत्तरांवरून तो कितीदा ताट ढकलून उठला होता.

"मला सांगितलं नाही तिनं," तो म्हणाला.

"तुला कसं सांगेल? तू गावभर सांगत सुटलेलास. माझ्या बायकोचा कान असा नि तसा. ओनेझिमच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, पत्त्यांच्या डावात. ती म्हणायची, त्याला मिरवायला तेवढंच आहे, ते मी कसं काढून घेऊ?"

"असं म्हणाली?"

"हेच शब्द."

"आणि तुला सांगितलं."

"मलाही नाही सांगितलं. मी ओळखलं. सरपण घेऊन आलो होतो तुझ्याकडे, ती अंगणात पाठमोरी. छपरावरून बर्फ सुटला, केवढा धडाका झाला, आणि ती कपडे वाळत घालत राहिली. मग मी समोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं. रडली थोडी." क्लोव्हिसनं नाक पुसलं. "एकटा माणूस दुसऱ्यांकडे बघत बसतो. दुसरं करायला काय असतं?"

हे रोझेरला सगळ्यात जास्त लागलं. बाकीचं चाललं असतं. ती रडली आणि ते क्लोव्हिसनं पाहिलं. तो स्वतः तेव्हा कुठे होता? गुऱ्हाळात असेल, दहा पावलांवर, काहिलीतला फेस काढत.

"मग इथे येऊन करायची काय?"

"शिकायची. कानाशिवाय गळती कशी शोधायची ते. सेन्सर आणवले तुझ्याकडून, पण सेन्सर एवढंच सांगतो की या नळीवर कुठेतरी आहे. शे-दोनशे झाडांत कुठे, ते माणसालाच शोधावं लागतं. तुझ्या रानात चाचपडत फिरली असती तर तुला कळलं असतं. इथे कुणी बघायला नव्हतं." तो उठला, कमरेला हात लावून, आणि झाडावरून आलेली बारीक नळी दोन बोटांत धरली. "दातांत धरायची. अशी. डोळे मिटून. गळती असली की दाढेत गुणगुणतं. किती लांब आहे तेही सांगायची शेवटी शेवटी. म्हणायची, इथून चार झाडं. आणि असायची. माझं रान पिंजून काढलं तिनं शिकताना, म्हणून हे असं घट्ट झालं. मी काही केलं नाही."

रोझेरनं जोडे ओढत पुढे येऊन नळी त्याच्या हातातून घेतली आणि दातांत धरली. थंडगार होती. डोळे मिटले. काहीच कळलं नाही.

"व्हॅक्यूम नाहीये आत्ता," क्लोव्हिस म्हणाला. "तूच बंद केलायस. आणि असता तरी तुला नसतं कळलं."

"का नाही?"

"तुझे दात खोटे आहेत, रोझेर. खऱ्या दाढा लागतात."

रोझेरनं नळी तोंडातून काढली. "तुझ्या आहेत वाटतं खऱ्या."

"खालच्या आहेत."

"तुला येतं?"

"येतं थोडं. तिनं शिकवलं."

खाली दूरवर पंपाचा आवाज येत होता. रोझेरला वाटलं, आता एवढंच बाकी होतं. तिचं कसब याच्या जबड्यात राहिलं, आणि आपल्या जबड्यात प्लास्टिक.

"मी तुझा हेवा करतो," क्लोव्हिस अचानक म्हणाला. तो सेन्सरच्या खोक्यावरचा बर्फ बोटानं काढत होता, रोझेरकडे बघत नव्हता. "तू माझा करतोयस ते दिसतंय मला. पण मी तुझा करतो. नोव्हेंबरात सगळा गाव तुझ्याकडे आला. रस्त्यावरून बघितलं मी, गाड्या लावायला जागा नव्हती. जो तो तुझा हात धरत होता. मी चर्चमध्ये मागे उभा राहिलो आणि घरी येऊन बटाटे सोलले. मी कुणाला सांगणार? शेजाऱ्याची बायको गेली म्हणून कुणी तुमच्याकडे खिमा भरलेली तूर्तिएर घेऊन येत नाही."

हे ऐकून रोझेरला बरं वाटलं. त्याची त्याला लाज वाटली, आणि तरी बरंच वाटत राहिलं.

"चल खाली," तो म्हणाला. "ओला आहेस. मी पुढे होतो, तू माझ्या पावलांवर पाय ठेव."

"माझा मी येईन."

"ये म्हणतो ना. पडलास तर मिरेय मला बोलेल."

उतरताना क्लोव्हिस दोनदा त्याच्या खांद्याला धरून उभा राहिला. कुंपणापाशी रोझेरनं लाल दांडी उभी केली. नळीत आधी काही झालं नाही, मग सकाळपासून अडून राहिलेला रस गुळगुळ करत खाली धावला, मधून मधून हवेचे मोठे बुडबुडे. दोघं वाकून बघत राहिले. हळूहळू बुडबुडे लहान झाले आणि नळी गच्च भरून वाहायला लागली.

"गुरुवारी येऊ का?" क्लोव्हिसनं विचारलं. "तुझं रान बघायला. तेवीसवर आहे ना."

"तुला काय माहीत?"

"मला पण दिसतो तुझा आकडा. रोज बघतो."

रोझेरनं लाल दांडी एकदा चाचपून बघितली. "गुरुवारी मी पिंपं घेऊन जातो," तो म्हणाला.

"मग शुक्रवारी."

"गुरुवारीच ये. पिंपं शुक्रवारी नेईन. मी असताना ये."

क्लोव्हिस मान हलवून घराकडे लंगडत निघाला. रोझेर त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत तिथे थांबला, मग खाली आला, टाकी बघितली, भट्टी पेटवली. रस आटायला लागला तरी त्याचं लक्ष लागेना. शेवटी भट्टीत लाकडं भरून तो घरात गेला.

तळघरातल्या फ्रीजरमध्ये नोव्हेंबरपासून लोकांनी आणून दिलेल्या तूर्तिएर एकावर एक पडून होत्या. एकट्या माणसानं किती खाव्यात? प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि बाईचं नाव. सगळ्यात वर रोदरिगबाईंची होती. त्यांचा हात गावात नावाजलेला, वरचं आवरण बोटानं मोडावं असं, आत खिमा आणि लवंग अगदी बेतानं. रोझेरनं ती उचलली, जिन्यापर्यंत नेली. मग तिथे थांबला.

तो परत आला. रोदरिगबाईंची तूर्तिएर त्यानं होती तिथे ठेवली आणि खालून ग्रोंदँबाईंची ओढून काढली. ग्रोंदँबाईंच्या तूर्तिएरचं आवरण म्हणजे घोड्याचं खोगीर, आणि मीठ त्या दोनदा घालतात. ती बगलेत मारून तो क्लोव्हिसच्या घराकडे चालायला लागला.